अंगण वाकडे

आमच्या गावच्या जत्रेत फुगे फोडण्याचे एक दुकान दरवर्षी लागत असे. उभ्या फळीवर ओळीने लावलेले लाल-पिवळे फुगे, पुढे एक आडवे बाकडे, बाकड्यावर छर्ऱ्याच्या दोन बंदुका आणि मागे पान चघळत उभा असलेला मालक. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांनी मोठ्या मनाने दहा छर्ऱ्यांचे पैसे मोजले. मी डावा डोळा मिटला, श्वास रोखला आणि दहाच्या दहा छर्रे फळीत घातले. फुगा एकही फुटला नाही. मालक हसला. वडील हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "तुझा हात स्थिर नाही."

ते वाक्य मी कित्येक वर्षे अंगावर वागवले. गोट्यांच्या डावात मी आपण होऊन मागे राहू लागलो. चिंचेच्या झाडावर दगड मारण्याची पाळी आली की मी चिंचा वेचण्याचे काम पत्करीत असे. गंमत अशी की, पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो. फळ्यावर पट्टी न लावता मी सरळ रेघ ओढतो, मुले तोंडात बोट घालतात. तरीही आपला हात स्थिर नाही, हे मला माझ्या जन्मतारखेसारखे पाठ होते. मोठेपणी केव्हातरी, असल्या दुकानावर उमेदवारी केलेल्या एका माणसाने सहज बोलता बोलता सांगितले की, त्या बंदुकांची माशी मुद्दामच किंचित कलती ठेवतात. "न्हाईतर धंदा कसा व्हायचा मास्तर?" असे म्हणून तो दिलखुलास हसला. मला मात्र हसू आले नाही.

मग त्या दिवशी चुकले कोण? मी, की बंदूक? हा प्रश्न पोरकट वाटेल. पण रोजच्या जगण्यात आपण दुसऱ्यावर जे निवाडे देतो, त्यांतले बहुतेक या एकाच प्रश्नाचे उत्तर न शोधता दिलेले असतात, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल. ती फारशी भूषणावह नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या मातीला नेमबाजी नवी नव्हती. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला जगज्जेत्या झाल्या होत्या. पण कांबळवाडीचे नाव वर्तमानपत्रात आले तशी खेड्याखेड्यातली पोरे काठीची रायफल करून एक डोळा मिटू लागली. आमच्या शाळेला एका सद्गृहस्थाने आपली जुनी, स्पर्धेतली हवेची रायफल देऊन टाकली. नळीखाली दाबलेल्या हवेची टाकी, साडेचार मिलिमीटरचा छर्रा आणि दहा मीटरवर कागदाचे लक्ष्य. त्या लक्ष्याचा मधला, दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोहरीचा दाणा त्याहून मोठा. शाळेत जे काम कोणाचेच नसते ते चित्रकलेच्या शिक्षकाचे असते, या न्यायाने हे खाते माझ्याकडे आले.

मुलांत आठवीतला एक मुलगा होता. वडील गुऱ्हाळावर कामाला. अंगाने काटक, बोलायला कमी. उभा राहिला म्हणजे बांधावरच्या बगळ्यासारखा उभा राही. या पोराकडून काहीतरी होईल, असे माझ्या मनाने घेतले. पण महिना गेला, दीड महिना गेला, त्याचे छर्रे कागदभर विखरतच राहिले. एक मध्याला लागून, तर पुढचा थेट कडेला. इतरांचेही विखरत, पण ते नवशिके म्हणून मी सोडून देत होतो. याच्याकडून अपेक्षा होती, म्हणून राग याच्यावर. तालुक्याच्या स्पर्धेच्या आधी एके दिवशी माझा तोल गेला. सगळ्या मुलांसमोर मी म्हणालो, "तुझं चित्त थाऱ्यावर नसतं. असल्या हातात रायफल काय, पेन्सिलसुद्धा देऊ नये."

तो काही बोलला नाही. रायफल त्याने हळूच बाकावर ठेवली, तळहात चड्डीला पुसले आणि वर्गात गेला. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. मीही त्याला बोलावले नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला नेमके वाक्य सुचते, हा त्याचा गुण समजतात. ते कोणाला कुठे लागते, याचा हिशेब कोणी मागत नाही.

पुढे गौरीगणपतीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. हवेच्या रायफलींचा त्याला नाद आहे. नेमबाजांच्या रायफली दुरुस्त करता करता तो लागलेला. मी रडगाणे गायलो. सगळे ऐकून घेऊन त्याने विचारले, "सर, नळी कुणी तपासली का?"

मी म्हणालो, "तपासायचं काय त्यात? मुलांचे हातच स्थिर नाहीत."

तो म्हणाला, "हात बाजूला काढल्याशिवाय नळी कळत नाही सर. आणि नळी कळल्याशिवाय हात कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तो एक जड व्हाईस घेऊन आला. शाळेच्या लांब पडवीत दगडी कट्ट्यावर त्याने तो बोल्टांनी घट्ट बसवला, जबड्यांना रबर लावले आणि रायफल त्यात अशी आवळली की तिला हलायची सोय राहू नये. दहा मीटरवर कोरा कागद लावला. मग मला म्हणाला, "चाप तुम्ही ओढा." मी, जत्रेतला तो अस्थिर हाताचा मुलगा, एकामागून एक दहा वेळा चाप ओढला. नेम कोणीच धरला नव्हता. डोळा कोणीच मिटला नव्हता. कागद काढून आणला तर दहा छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत विखुरलेले! कर्कटक आणि पट्टी घेऊन मी मोजले. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत बावीस मिलिमीटर. माझ्या विद्यार्थ्याने खिशातून दुसरा कागद काढला. तो एका चांगल्या रायफलीचा होता. त्यावर सदऱ्याच्या लहान गुंडीपेक्षाही लहान असे एकच भोक होते. दहाही छर्रे त्यातूनच गेलेले.

"निवडून तर आणला नाहीस?" मी विचारले.

"बाकीचे सगळे घरी ठेवलेत सर. वाईटसुद्धा."

भिंग लावून त्याने मला नळीचे तोंड दाखवले. कडेला एक बारीक खाच होती. केसाएवढी म्हणा. पूर्वी कोणीतरी पुढून लोखंडी तार घालून नळी साफ केली असणार. एवढ्याशा खाचेने काय होते, ते त्याने सांगितले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, पण मला ते समजले. हवेच्या रायफलीचा छर्रा शिशाचा, कमरेत बारीक आणि मागे घागऱ्यासारखा पसरट असतो. नळीच्या आत पीळ दिलेले आटे असतात. ते छर्ऱ्याला भोवऱ्यासारखे फिरवतात, म्हणून तो सरळ जातो. नळीतून सर्वांत शेवटी सुटतो तो त्याचा घागरा. त्या क्षणी मागची हवा चारी बाजूंनी सारखी सुटली पाहिजे. एका बाजूला खाच असली की हवा तिथून आधी निसटते, घागऱ्याला एका अंगाने धक्का देते आणि छर्रा जन्मतःच तिरपा होतो. चांगल्या नळ्यांचे तोंड म्हणून तर जिवापाड जपतात, आणि कित्येक नळ्या तोंडाशी मिलिमीटरच्या काही शतांशांनी आवळून आणतात, म्हणजे प्रत्येक छर्रा बाहेर पडताना सारख्याच मापाचा असावा.

"आणि दहा मीटरवर एक मिलिमीटर चुकलं," तो म्हणाला, "की शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. वारा वेगळाच." त्याच्यासारखे शौकीन हवेच्या रायफलीने शंभर-शंभर यार्डांवर नेमबाजी करतात. जेमतेम एक ग्रॅमच्या छर्ऱ्याला तिथवर पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात नळीतला प्रत्येक लहानसा दोष आपले नाव सांगतो. म्हणून लांब पल्ल्यासाठी नळी करणारे लोक आट्यांचा पीळ कमीजास्त करून पाहतात, तोंड पुन्हा पुन्हा घासतात, छर्रे तोलून निवडतात आणि प्रत्येक वेळी व्हाईसमध्ये आवळून मोजतात. लांबच्या पल्ल्याने नळी बिघडत नाही. मुळात असलेला बिघाड तिथे नुसता दिसू लागतो.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. आठव्या वर्षी उच्चारलेले एक वाक्य चाळिशीपर्यंत किती वाकडे गेले!

मग वाटले, हाताचा दोष आणि नळीचा दोष निराळे काढण्याचा हा खटाटोप माणसाने केव्हापासून चालवला असेल? चौकशी केली तेव्हा फार रमणीय माणसे भेटली. मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ हा स्क्रूच्या आट्यांना एकच प्रमाण लावून देणारा यंत्रज्ञ. १८५४ च्या सुमारास इंग्लंडच्या सरकारने त्याला बंदुका करण्याच्या यंत्रांविषयी विचारले. तो म्हणाला, आधी उत्तम नळी कशी असावी ते तर ठरवू. आणि वाऱ्याच्या माथी खापर फोडता येऊ नये म्हणून त्याने आपल्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त पडवीच बांधली. तिथे प्रयोग करून त्याने आतून षट्कोनी, पीळदार नळी काढली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने नेमबाजीच्या स्पर्धेचा पहिला बार काढला तो याच नळीतून. रायफल यंत्रात पक्की बसवलेली, राणीने फक्त रेशमी दोरी ओढायची. ४०० यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली. टाळ्या राणीला मिळाल्या असतील, पण नेम राणीचा नव्हता. यश कोणाचे, हेसुद्धा आपण असेच ठरवतो.

दुसरा डॉक्टर फ्रँकलिन मान, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वैद्यक शिकलेला हा गृहस्थ कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापण्याची यंत्रे करून पैसे मिळवी आणि ते एका प्रश्नावर खर्च करी. एकाच नळीतून, एकाच तऱ्हेने सोडलेल्या गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? त्याने काँक्रीटचा एक प्रचंड खांब उभारला आणि त्यावर नळी ठेवून वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या. त्याने गोळ्या मुद्दाम चेपून पाहिल्या. टोक चेपलेली गोळी फारशी भरकटत नसे. बूड चेपलेली मात्र दूर भरकटे. १९०९ मध्ये त्याने हे सारे पुस्तकरूपाने छापले. आमच्या पडवीतल्या केसाएवढ्या खाचेचे कोडे या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतले होते.

या लोकांची मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. निवाडा करण्याआधी ते स्वतःला बाजूला काढतात. आणि ते एका बारावर निवाडा करीत नाहीत. माझा विद्यार्थी म्हणाला, "तीन छर्ऱ्यांवर नळी पास करू नये, नापासही करू नये. तीन छर्रे नशिबानंही एका भोकातून जातात." जो वीस वेळा झाडून त्यांतला एकच चांगला कागद खिशात घालतो, तो दुसऱ्याला नव्हे, स्वतःलाच फसवतो, कारण तीच नळी दुसऱ्या दिवशी तसा कागद देत नाही. मी विचार केला, आम्ही मुलांच्या प्रगतिपुस्तकात जे लिहितो ते किती छर्ऱ्यांवर? एक सहामाही, एक वार्षिक. घरात तर तेवढेही नाही. एकदा दूध उतू गेले की सून वेंधळी ठरते. एकदा पैसे हरवले की मुलगा उधळ्या.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, ही तर आळशांची सोय झाली. आपल्याकडे म्हणच आहे, नाचता येईना, अंगण वाकडे. म्हण खरी आहे. स्वतःचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि वर्गात तर प्रत्येक बाकावर एक. पण ही म्हण उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांनी अंगणात ओळंबा लावून पाहिला आहे? अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते. २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा हवेच्या रायफलीच्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले आणि शेवटी सातवे आले. पुढे त्यांनी सांगितले की, ते जिथे उभे होते तिथली फरशीच सैल होती. रायफल तीच, माणूस तोच, अंगण वाकडे. त्या दिवशी घराघरांतून किती जणांनी 'दडपण सोसवले नाही' असा निकाल देऊन टाकला असेल! २००८ मध्ये बीजिंगला त्याच खेळात ते भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन आले.

म्हणून मला वाटते, ती म्हण ज्याने नाचायचे त्याने स्वतःला सांगावी. बघणाऱ्याने ती वापरू नये. बघणाऱ्याचे काम ओळंबा लावण्याचे. विशेषतः जेव्हा अंगण आपणच दिलेले असते तेव्हा. रायफल मीच मुलाच्या हातात दिली होती.

आणि नळी निर्दोष झाली म्हणजे प्रश्न संपतो असेही नाही. उलट तिथूनच तो सुरू होतो. वाईट नळी माणसाला एक आडोसा देते. चांगली नळी तो काढून घेते. तिच्यापुढे उभे राहण्याला धैर्य लागते. व्हिटवर्थची ती अचूक नळी पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या हाती गेली आणि दूरच्या माणसांना अचूक मारू लागली. जाड्याभरड्या बंदुकीने मेलेल्या माणसाबद्दल 'गोळी चुकून लागली' असे निदान म्हणता तरी येत असे. नळी जितकी निर्मळ, तितकी हाताची जबाबदारी पुरी. लक्ष्य कोणते निवडायचे हे काही नळी सांगत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने रायफल उद्यमनगरात नेली, नळीचे तोंड लेथवर किंचित कापून नवे केले, आत साचलेले शिसे काढले. परत व्हाईसमध्ये आवळून दहा छर्रे झाडले. आठ मिलिमीटर. जुन्या रायफलीला पुष्कळ झाले.

मग मी गुऱ्हाळावर गेलो. हंगाम नुकता सुरू झाला होता. काहिलीतून रसाची वाफ येत होती, चुलवाणात चिपाडे धडधडत होती. मुलगा वडिलांना चिपाडे पुरवीत होता. मला पाहून तो उभा राहिला. मी मनाशी वाक्ये जुळवून नेली होती. त्यांतले एकही आठवले नाही. खिशातून दोन्ही कागद काढून त्याच्यापुढे धरले आणि म्हणालो, "हे आपल्या रायफलीचे. हात कुणाचाच नव्हता. नळी खराब होती. मी तुला उगाच बोललो." वडिलांना काय चालले आहे ते नीटसे कळले नसावे. ते म्हणाले, "असूंद्या गुर्जी, पोरगं हाय. बसा, रस घ्या."

मुलगा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. "म्हंजी माझा हात हालत न्हवता?" त्याने विचारले.

खरे उत्तर द्यायचे तर मला ते ठाऊक नव्हते. वाईट नळीवर हात कळत नाही. मी तसेच सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीआधी तो पुन्हा सरावाला आला. गोष्टीत शोभावे म्हणून मी त्याला विजयी करू शकलो असतो. पण तसे झाले नाही. नव्या तोंडाच्या नळीतून त्याचे दहा छर्रे वीस मिलिमीटरच्या आसपास पडले. बरे, पण विशेष नाही. त्याचाही हात थोडा हलत होताच. कर्कटक घेऊन त्याने स्वतःच मोजले, मग व्हाईसचा आठ मिलिमीटरचा कागद शेजारी ठेवला आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. मला वाटले, आता तो पुन्हा खट्टू होणार. पण त्याचा चेहरा उजळलेला होता.

"आता जेवढं चुकतंय, तेवढं माझंच न्हवं का सर?" तो म्हणाला.

"तुझंच."

"मग हुईल कमी," असे म्हणून त्याने नवा कागद लावला.

मी शिक्षकी पेशात वीस वर्षे काढली. या वीस वर्षांत किती मुलांना मी नेमकी वाक्ये ऐकवली असतील, त्यांची मोजदाद नाही. त्यांतली किती मुले अजून ती अंगावर वागवीत असतील? त्या सगळ्यांच्या घरी दोन-दोन कागद घेऊन जाणे आता शक्य नाही. कित्येकांचे चेहरेही आठवत नाहीत. माझी जीभ ही एक नळीच होती, आणि ती मी कधी व्हाईसमध्ये आवळून पाहिली नाही.

हे लिहीत असताना टेबलावर सहामाहीच्या चित्रांचा गठ्ठा पडला आहे. सर्वांत वरच्या चित्रात सातवीतल्या एका मुलीने काढलेली घराची भिंत चांगलीच कलली आहे. लाल पेन्सिल मी उचलली होती, ती खाली ठेवली. सुट्टी संपली की आधी तिची पट्टी बघायला मागणार आहे.